काटाकाकूंची खारट वाइन

मीटरकाकांना गावातल्या तळघरांची जेवढी माहिती होती तेवढी उंदरांनाही नसेल. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी पाण्याचे मीटर वाचण्यात घालवली, आणि ज्या कुणी त्या गावात मीटर बसवले त्याच्या डोक्यात काय आलं होतं देव जाणे, त्यानं जिथे तळघर होतं तिथला एकूण एक मीटर घराच्या पोटात, खाली नेऊन बसवला होता. त्यामुळे सकाळ झाली की काका बॅटरी घेऊन कुणाच्या ना कुणाच्या जिन्यानं खाली उतरायचे. खाली मीटरच्या शेजारी ओळीनं उभ्या असायच्या वाइनच्या बरण्या. परसात द्राक्षाचा वेल नाही असं घर त्या गल्ल्यांमध्ये सापडलं नसतं, आणि वेल आहे म्हटल्यावर द्राक्षं उतरली की घरोघरी वाइन घालणं आलंच.

खाली आलेल्या माणसाला कोरड्या तोंडानं परत कसं पाठवायचं, म्हणून काकांच्या हातात अर्धा पेला दिला जायचा. काका आकडा टिपून घ्यायचे, घोट तोंडात घोळवायचे आणि म्हणायचे, "यंदा छान उतरलीय." मग ती उतरलेली असो वा नसो. एखाद्याची वाइन दात आंबवणारी असायची, एखाद्याची पुचाट, एखाद्याची तर उघड उघड व्हिनेगर. पण काकांच्या तोंडून वाकडा शब्द कधी गेला नाही. पाण्याबद्दल खरं बोलायचं आणि वाइनबद्दल खोटं, एवढं धोरण सांभाळून ते सुखरूप निवृत्त झाले.

त्यांच्या बायकोचा प्रकार नेमका उलटा. ती औषधांच्या दुकानात मागच्या खोलीत बसून पुड्या बांधायची. त्या वेळी डॉक्टर चिठ्ठी लिहून द्यायचे आणि दुकानात ती पावडर तोलून, खलून, कागदात बांधून द्यावी लागायची. काटा स्थिर होईपर्यंत ही बाई श्वाससुद्धा घेत नाही, असं दुकानाचा मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायचा. त्यावरून त्यांचं नाव काटाकाकू पडलं. नावाचा त्यांच्या बोलण्याशीही थोडाफार संबंध होता, पण तसं त्यांच्या तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. मीटर आणि काटा एकाच घरात नांदतात, तिथे काही कमीजास्त व्हायची सोय नाही, असं गल्लीतले लोक हसून म्हणायचे.

काकूंची वाइन गल्लीत पहिल्या नंबरची. याचं कारण एवढंच, की बाकीचे लोक अंदाजानं घालायचे आणि काकू तोलून घालायच्या. द्राक्षं तोलायच्या, साखर तोलायच्या, बरणी तोंडाशी किती रिकामी राहिली तेही बोटानं मोजायच्या. हिवाळाभर वाइन निवळू द्यायची, वसंतात गाळ खाली सोडून दुसऱ्या बरणीत काढायची आणि शेवटी गोडीपुरती थोडी साखर घालून झाकण लावायचं. त्यानंतर काही दिवस कुणी हात लावायचा नाही. ते दिवस सरले की पहिला पेला काकांचा. काका घोट घ्यायचे, तोंडात घोळवायचे आणि "यंदा छान उतरलीय" म्हणायचे. साऱ्या गावात हे वाक्य ते खरेपणानं फक्त इथेच म्हणत असत.

यंदाही पहिला पेला काकांचाच होता. काकू जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या राहून वाट बघत होत्या. पित्ताच्या गोळ्या चालू असल्यानं या वर्षी त्यांना वाइनला तोंड लावायचं नव्हतं, त्यामुळे सगळी भिस्त काकांच्या जिभेवर. काकांनी घोट घेतला. घोट आत गेला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वाइन खारट होती. थोडीथोडकी नाही, मीठ घालून उकळलेल्या पाण्यासारखी खारट. त्यांनी दुसऱ्या बरणीतला घोट घेतला, मग तिसऱ्या. तिन्ही तशाच. साखरेऐवजी मीठ पडलं होतं, आणि तेही काकूंच्या रीतीप्रमाणे तिन्ही बरण्यांत अगदी सारखं तोलून.

"कशी आहे?" वरून काकूंनी विचारलं.

"यंदा छान उतरलीय," काका म्हणाले.

एवढ्याशा गोष्टीसाठी माणसानं खोटं का बोलावं, असं कुणालाही वाटेल. साखरेचा आणि मिठाचा डबा एकसारखा होता. दुकानात चिठ्ठी न लावलेली बाटली दिसली तर काकूंनी आकाशपाताळ एक केलं असतं, पण आपल्याच स्वयंपाकघरात चिठ्ठ्या डकवायच्या म्हणजे त्यांना तो स्वतःचा अपमान वाटायचा. चूक कुणाच्याही हातून झाली असती. पण काकूंच्या आईची सुरुवात अशीच झाली होती. चहाच्या डब्यात साबणाचा चुरा सापडला होता, आणि त्यावर घरातले सगळे पोट धरून हसले होते. पुढे त्या बाई स्वतःच्या लेकीला ताई म्हणू लागल्या, आणि शेवटी कुणालाच काही म्हणेनाशा झाल्या. आईला पोचवून आल्यावर काकू एकदाच म्हणाल्या होत्या, "मला असं काही व्हायला लागलं तर?" काका म्हणाले होते, "तुला कसलं होतंय." त्यावर दोघांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

आणि या वर्षी बारीकसारीक काही तरी होत होतं. काकूंचा चष्मा पावाच्या डब्यात सापडला होता. समोरच्या बेकरीवाल्याला त्यांनी त्याच्या बापाच्या नावानं हाक मारली होती, आणि बाप जाऊन बरीच वर्षं झाली होती. काका हे सगळं बघत होते आणि नजरेआड करत होते. आता या तीन बरण्या नजरेआड कशा करायच्या, हा प्रश्न होता. ओतून द्यावी, तर एकाएकी रिकामी झालेली बरणी बघून काकूंनी झाडाझडती घेतली असती. शिवाय हातही होईना. ती द्राक्षं काकूंनी एकेक करून निवडलेली काकांनी डोळ्यांनी पाहिली होती.

तेव्हा त्यांनी ती प्यायला सुरुवात केली.

रोज संध्याकाळी ते खाली उतरायचे, पेला भरायचे, डोळे मिटायचे आणि एका दमात संपवायचे. मग दुसरा. मग नळाला तोंड लावून पाणी. वर येऊन काकूंना सांगायचे, "छान उतरलीय हं यंदा." या वेगानं तीन बरण्या संपायला किती काळ लागेल याचा हिशोब जन्मभर आकडे टिपणाऱ्या या माणसानं केला नाही, कारण केला असता तर धीरच सुटला असता. दारावर कुणी शेजारी आलाच तर त्याला "अजून मुरतेय" म्हणून वाटेला लावायचे. काकूंना याचं नवल वाटायचं. एरवी वाटण्यात पुढे असणारा माणूस यंदा आपली वाइन अशी लपवून एकटाच पितोय, म्हणजे खरोखरच अप्रतिम झाली असणार.

व्हायचं ते झालं. काकांचे पाय सुजू लागले, जिना चढताना धाप लागू लागली. डॉक्टरांनी पट्टा बांधून बीपी बघितलं, पुन्हा एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "मीठ कमी करा. कमी म्हणजे बंदच करा." काकूंनी त्याच दिवसापासून काकांच्या जेवणातलं मीठ काढून टाकलं. नवऱ्याला एकट्याला अळणी कसं वाढायचं, म्हणून स्वतःच्या जेवणातलंही काढलं. बटाटे अळणी, अंडी अळणी, सूप तर नुसतं गरम पाणी. काका ते निमूट जेवायचे, आणि जेवण झालं की मिठाची सगळी भरपाई करायला खाली तळघरात जायचे. पुढच्या खेपेला बीपी आणखी चढलेलं निघालं. डॉक्टर काकूंकडे संशयानं बघू लागल्या. त्या दिवशी घरी येईपर्यंत काकू वाटभर बोटांवर काही तरी मोजत होत्या.

मग काकांना तांबटिणीची आठवण झाली.

तांबटीण गावाच्या कडेला, नवऱ्याच्या जुन्या कारखान्यात राहायची. नवरा तांब्याची भांडी घडवायचा. तो गेला, लोकांच्या घरात स्टील आलं, आणि तिच्याकडे उरला तो त्यानं स्वतः ठोकून घडवलेला एक मोठा हंडा, त्यावरचं घुमटासारखं टोपण आणि तांब्याच्या नळीचं वेटोळं. तिनं रीतसर परवाना काढला, पाटी लावली आणि भट्टी सुरू केली. गावात ज्याची वाइन फसायची, विटायची, किंवा नवी द्राक्षं आली तरी जुनी उरायची, तो बरण्या घेऊन तिच्याकडे जायचा. तांबटीण ती वाइन उकळून, वाफ निववून गाळायची, तिची पांढरी स्वच्छ दारू करून द्यायची आणि मोबदल्यात एक बाटली ठेवून घ्यायची. गावात पितळ उघडं पडलेल्या वाइनचा शेवट असा गोड व्हायचा, आणि तांबटीण कुणाच्या वाइनला नावं ठेवते असं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

काका एका छोट्या बाटलीत नमुना घेऊन गेले. तांबटिणीनं बोट बुडवून चाखलं आणि लगेच जाऊन चूळ भरली.

"मीटर, हे काय आणलंय? समुद्र?"

काकांना सगळं सांगणं भाग होतं. इतके दिवस पोटात ठेवलेलं बोलता बोलता ते मध्येच भिंतीवरच्या पाण्याच्या मीटरचा आकडा वाचू लागले. हा मीटर त्यांच्या ओळखीचा होता. भट्टीच्या दिवसांत तो धावत सुटायचा, कारण वेटोळं ज्या पिंपात बुडवलेलं असे त्यातलं पाणी सतत थंड ठेवावं लागे.

"हे गाळता येईल?" त्यांनी शेवटी विचारलं.

"न यायला काय झालं? मीठ वर चढत नाही. वाइनमधलं जे चढायचं ते वाफेबरोबर चढेल, मीठ बसेल हंड्यात. माझं तांबं मात्र डागाळेल. ते तुम्ही घासून द्यायचं."

"घासतो. लखलखीत करून देतो."

"मग तिला घेऊन या."

काकांना याचीच धास्ती होती. तांबटिणीचा नियम साऱ्या गावाला पाठ होता. ज्यानं वाइन घातली त्यानंच भट्टीपाशी बसायचं. नळीतून जी पहिली धार येते ती वाईट, ती पोटात जाता कामा नये. मग येते ती चांगली. शेवटी येते ती पुन्हा नासकी, ओल्या फडक्याच्या वासाची. कुठे एक संपून दुसरी सुरू झाली हे नाकानं आणि जिभेनं ओळखायचं आणि त्याच क्षणी खालचं भांडं बदलायचं. पहिली वाईट धार किती टाकून द्यायची हे तांबटीण स्वतःच्या हातात ठेवायची, त्यात ती कुणाचं ऐकायची नाही. पण त्यापुढे कुठून ठेवायची आणि कुठे थांबायचं, हे मालकानं सांगायचं. "माझ्या जिभेनं तोडली तर ती माझी दारू झाली, तुमची कशी?" असं ती म्हणायची. बेकरीवाल्यानं एकदा स्वतः न येता मेव्हण्याला पाठवलं होतं, तर तिनं मेव्हण्याला बरण्यांसकट परत धाडलं होतं.

"मी बसतो की तिच्याऐवजी," काका म्हणाले.

"वाइन तुम्ही घातलीत?"

"तिला कळेल हो."

"तिच्याच हातची वाइन आहे, कळेल नाही तर काय होईल?" तांबटीण म्हणाली. "सख्ख्या भावासाठी मोडला नाही मी नियम. बुधवारी या. दोघं या."

काकांनी तीन दिवस घोळ घातला आणि मंगळवारी संध्याकाळी काकू बटाटे सोलत असताना विषय काढला. "यंदाची वाइन जरा... म्हणजे छानच आहे, पण मंद वाटतेय. नवीन द्राक्षांना बरण्याही लागतील. तांबटिणीकडून गाळून आणायची का?"

काकूंचा हात थांबला. "कधी जायचं?" एवढंच त्यांनी विचारलं.

दूधवाल्यालासुद्धा चार प्रश्न विचारल्याशिवाय न सोडणाऱ्या बाईनं आपल्याला एकही प्रश्न विचारला नाही, हे काकांच्या ध्यानातच आलं नाही. सुटलो, एवढंच त्यांना वाटलं.

बुधवारी सकाळी बरण्या हातगाडीवर बांधून दोघं निघाली. काकूंनी ठेवणीतला निळा स्वेटर घातला होता. कारखान्यात तांबटीण भट्टीत लाकडं रचत बसली होती. तिनं काकूंना पाट दिला, बरण्यांकडे बघितलं आणि एक घोट चाखायचा तिचा शिरस्ता त्या दिवशी पाळला नाही. काकांना वाटलं, बाई मनानं चांगली आहे, निभावून नेईल. तिघांनी मिळून वाइन हंड्यात ओतली. वर टोपण बसवलं. टोपण आणि हंडा यांच्या फटीतून वाफ निसटू नये म्हणून तिथे पिठाचा लेप द्यावा लागतो. तांबटिणीनं पिठाची परात काकूंपुढे सरकवली.

काकूंनी बाह्या वर केल्या, पाणी घातलं आणि मळायला लागल्या. दोन हात मारून झाल्यावर त्यांनी अगदी सरळ चेहऱ्यानं विचारलं, "यात मीठ घालतात का हो?"

"नाही," तांबटीण म्हणाली.

"बरं झालं. आत आहे तेवढं पुरे."

काकांच्या हातातलं लाकूड हातातच राहिलं. तांबटिणीनं एकदा दोघांकडे बघितलं आणि पिंपातलं पाणी बघून येते असं पुटपुटत बाहेर गेली. पिंप तिच्या पायाशीच होतं आणि काठोकाठ भरलेलं होतं.

काकूंनी पिठाचा लांब दोर वळला आणि फटीवर दाबत दाबत हंड्याभोवती फिरू लागल्या. काका त्यांच्या मागोमाग फिरत होते.

"तुला कधी कळलं?"

"डॉक्टरांकडून दुसऱ्यांदा आलो तेव्हा. मी जेवणात मिठाचा कण घालत नाही आणि तुमचं बीपी चढतंच आहे. मग मीठ येतंय कुठून? अहो, जन्म गेला माझा औषधं तोलण्यात. तुम्ही दाढी करायला गेलात तेव्हा चमचा घेऊन खाली गेले."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

"तुला वाईट वाटलं असतं."

काकूंनी लेपाचं शेवटचं टोक पहिल्याला जोडलं, अंगठ्यानं सारखं केलं आणि पाटावर येऊन बसल्या. हात पिठानं माखलेले होते, ते त्यांनी मांडीवर उताणे ठेवले.

"मिठाचं वाईट वाटलंच. रडलेसुद्धा खाली बसून. पण डबे एकसारखे आहेत, चष्मा डोळ्यांवर नव्हता, होतं माणसाचं. त्यातून मी सावरले. मग मी वाट बघत बसले, की तुम्ही आता चिडवाल, मग चिडवाल. सूप खारट झालं की चिडवता ना, तसं. आणि तुम्ही रोज खाली जाऊन ते विष प्यायचात आणि वर येऊन मला म्हणायचात, छान उतरलीय." त्यांनी बोटांवरचं पीठ खरवडलं. "आईशी आपण शेवटी शेवटी असंच बोलायचो. तिनं काही केलं तरी छान. कपाटात जेवण ठेवलं तरी छान. तुम्ही मला तसं छान म्हणायला लागलात तेव्हा मला वाटलं, यांना माझ्यात काही तरी दिसलंय. आता माझ्याशी खरं बोलण्यासारखं राहिलेलं नाही."

काकांना आपण काय केलं ते तेव्हा कळलं. काकूंना भीतीपासून लांब ठेवायला म्हणून त्यांनी पेल्यामागून पेले रिचवले होते, आणि प्रत्येक पेल्यानं ती भीती काकूंच्या आणखी जवळ नेऊन ठेवली होती. त्यांना रडू कोसळलं. ते तसेच रडत उभे राहिले, हातात लाकूड घेऊन.

"ते लाकूड आधी आत घाला," काकू म्हणाल्या. "जाळ बसतोय."

काकांनी लाकूड आत सारलं आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले.

"मला भीती वाटतेय," काकू म्हणाल्या.

"मलाही."

"मी पुढे आणखी चुकेन. चुकेनच. तेव्हा मला सांगायचं. गिळून टाकायचं नाही."

"सांगेन."

"लगेच सांगायचं. मला कळायला पाहिजे मी कुठे आहे ते. ज्या दिवशी सांगून उपयोग नसेल त्या दिवशी म्हणा छान. तोवर नाही."

"नाही म्हणणार," काका म्हणाले. काकूंनी पिठाच्या हातानं त्यांच्या केसांवरून हात फिरवला, आणि त्यांचे उरलेसुरले केस पांढऱ्याचे आणखी पांढरे झाले.

थोड्या वेळानं हंड्यात खदखद ऐकू येऊ लागली. टोपण तापलं, नळीचा वाकडा भाग हात लावू देईना. तांबटीण न सांगताच आत आली आणि भट्टीपुढे बसली. नळीच्या तोंडातून एक थेंब पडला, मग थेंबामागून थेंब, मग बारीक धार. तांबटिणीनं काकूंना नुसता वास घ्यायला सांगितला. काकूंनी नाक मागे घेतलं. रंगाच्या उघड्या डब्यासारखा उग्र वास होता. पहिल्या धारेची म्हणून रिकामटेकडे लोक जिचा गाजावाजा करतात ती ही. तांबटीण त्या धारेनं खिडक्यांच्या काचा पुसत असे. भांडं चांगलं भरेपर्यंत तिनं कुणाला बोट लावू दिलं नाही. मग तिनं मान हलवली. "आता इथून पुढे तुमचं."

काकूंनी चष्मा काढून काकांकडे दिला. धारेखाली करंगळी धरली, वास घेतला, जिभेला लावली. नाही. थोड्या वेळानं पुन्हा. नाही. काकांना आठवलं, काटा थरथरायचा थांबेपर्यंत श्वास रोखून धरणारी ही मुलगी त्यांनी पहिल्यांदा दुकानाच्या मागच्या दारातून बघितली होती. तिथला मीटरही आतल्या खोलीतच होता. काकांनी त्या महिन्यात तो मीटर गरजेपेक्षा जास्त वेळा वाचला होता.

काकूंनी पुन्हा करंगळी जिभेला लावली आणि या वेळी डोळे मिटले.

"आता," त्या म्हणाल्या.

तांबटिणीनं भांडं बदललं. "माझीही जीभ इथेच म्हणाली असती," ती म्हणाली. असं ती कुणाला म्हणाल्याचं गावात कुणाच्या ऐकिवात नाही.

काकूंनी नव्या धारेतला एक थेंब काकांच्या बोटावर दिला. काकांनी चाखला. द्राक्षांचा वास आधी आला, मग ऊब, आणि मग बराच वेळ काहीच नाही. "मीठ नाही," ते म्हणाले. "जराही नाही."

"खरं सांगताय?"

"खरं सांगतोय."

शेवटची धार कुठे तोडायची तेही काकूंनीच सांगितलं, ओल्या फडक्याचा वास बाकीच्या दोघांच्या नाकाला जाणवायच्या आधी. हंडा निवल्यावर काकांनी तळाशी उरलेलं पाणी बाहेर ओतलं, आणि मग बाह्या सरसावून, राख आणि चिंध्या घेऊन, संपूर्ण दुपार हंडा घासला. काकू आणि तांबटीण पाटावर बसून त्यांना कुठे राहिलंय ते दाखवत होत्या.

संध्याकाळी घरी आल्यावर काकूंनी बाटल्या फडताळात नीट लावून ठेवल्या. मग बटाटे उकडले, सोलले, त्यांवर लोणी घातलं. "आता चिमूटभर घालायला हरकत नाही," त्या म्हणाल्या. "खालचं संपलंय ना." त्यांनी फडताळातला डबा काढला, झाकण उघडलं, काकांच्या ताटावर चिमूट भुरभुरली आणि स्वतःचं ताट घेऊन समोर बसल्या.

कित्येक दिवसांनी चव लागणार म्हणून काकांनी बटाट्याचा मोठा घास घेतला. घास गोड होता. त्यांनी वर बघितलं. काकू हातातला काटाचमचा तसाच धरून त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. वर्षानुवर्षांचं ते वाक्य काकांच्या जिभेच्या टोकावर आलंही होतं. त्यांनी घास गिळला नाही.

"साखर आहे," ते म्हणाले.

काकूंनी त्यांच्या ताटातला एक तुकडा उचलून खाल्ला. "हो, साखर आहे," त्या म्हणाल्या. त्यांनी काकांचं ताट आपल्याकडे ओढून घेतलं, स्वतःचं त्यांच्यापुढे सरकवलं आणि दुसऱ्या डब्याकडे हात नेला. झाकण काकांनी काढून दिलं.